गिअरबॉक्सचा तिसरा बॅकक्रॉस

"आज संध्याकाळी या गाडीच्या टपावर भरलेला पेला ठेवून मंठ्याहून आणीन, थेंब सांडणार नाही," असं शरदचंद्रांनी शनिवारी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं. तोंडात ब्रश असल्यामुळे शब्द कोणाला नीट कळले नाहीत, पण रोख कळला. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता, आणि साध्या दिवसांना असतं तसं त्यालाही स्वतःबद्दल काही ठाऊक नव्हतं.

"आधी चूळ भरा," उमा म्हणाली.

उमा त्यांची मुलगी, अंबडच्या कॉलेजात ग्रंथपाल. बोलणं मोजकं. बडबडीचा सगळा साठा वडिलांनीच वापरून टाकल्यामुळे तिच्या वाट्याला उरला नाही, असं तिची आई प्रेमलाबाई म्हणायची.

गाडीचं प्रकरण असं होतं. शरदचंद्रांनी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या संशोधन फार्मवर उभी हयात कपाशीचे संकर करण्यात घालवली. निवृत्तीच्या सुमाराला अर्धांगाचा हलका झटका आला आणि जाताना डाव्या पायातला जोर घेऊन गेला. त्याच दिवसांत कंपनीत आलेला एक परदेशी तज्ज्ञ आपली जुनी गाडी मागे ठेवून मायदेशी परतला. कंपनीनं ती लिलावात काढली. गाडीला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे, त्यामुळे अख्ख्या नवीन जालन्यात तिला कोणी विचारलं नाही. शरदचंद्रांनी मात्र तिला बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही गाडी चालवायला उजवा पाय पुरतो. देवानं एक पाय काढून घेतला आणि त्याच मापाची गाडी पाठवली, यावर त्यांचा ठाम विश्वास बसला.

तेव्हापासून रोज सकाळी ते उमाला अंबडला सोडत. म्हणजे उमाचं म्हणणं असं की ती त्यांना सोबत म्हणून बसते. पायाचं दुखणं, रस्त्यात काही झालं तर कोणीतरी जवळ हवं. शरदचंद्रांचं म्हणणं असं की ते पोरीला सोडतात. दोघंही आपापल्या जागी परोपकार करत होते.

मग गाडीला थरथर सुरू झाली.

गावातून निघताना ती गरीब गाईसारखी असायची. पण मोकळ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला की एकदम अंगात यायचं. आरसा थरथरायचा, दारं थरथरायची, मागं प्रेमलाबाई असल्या तर त्यांच्या बांगड्या वाजायला लागायच्या. चालत्या मळणी यंत्रावर खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटायचं. शरदचंद्र ओरडून विचारायचे, "उमा, किती?"

पिकावरच्या रोगाला फार्मवर एक ते नऊ गुण देतात. एक म्हणजे रोग नाही, नऊ म्हणजे पीक गेलं. तीच पट्टी त्यांनी गाडीला लावली होती.

"सहा," उमा म्हणायची. दात वाजत असल्यामुळे ते "स-हा-हा-हा" असं ऐकू यायचं.

पुंजाराम मेस्त्रीला दाखवलं. तो गाडीत डोकं घालून बराच वेळ खाली काहीतरी शोधत राहिला.

"सायेब, ह्याचा क्लच कोणी काढून नेला?"

"मुळातच नाही."

"मंग गिअर कसा पडतो?"

"आपोआप."

पुंजाराम उठला, हात पुसले आणि गाडीपासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. "आपुनआप होणाऱ्या गोष्टीत मी हात घालत न्हाई, सायेब. आमच्या आज्याचं सांगणं हाय."

तेव्हा शरदचंद्रांनी स्वतःच हात घालायचं ठरवलं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातली भाषा कळत नव्हती, पण चित्रं कळत होती. गिअरबॉक्समधलं तेल नवं असताना लालभडक असतं. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढून बघितलं तर आतलं तेल काकवीसारखं काळं होतं आणि त्याला करपलेल्या फोडणीचा वास येत होता. एवढं निदान पुरे होतं. अडचण एकच होती. खालचं बूच काढलं की निम्मंच तेल बाहेर येतं. बाकीचं आत एका भोपळ्यासारख्या भांड्यात दडी मारून बसतं.

यावर ते निराश होतील असं घरच्यांना वाटलं. ते हरखून गेले.

"हा तर सरळसरळ बॅकक्रॉस आहे," त्यांनी धाकट्या भावाला समजावलं. "पहिल्यांदा बदललं की निम्मं रक्त नवं. थोडी चालवायची, पुन्हा बदललं की पाऊण. तिसऱ्यांदा केलं की जुन्याचा मागमूस उरत नाही. कपाशीचं वाणही असंच, चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून सुधारतात."

धाकटा भाऊ गिरिधर बँकेत होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टींकडे तारण म्हणून बघायचा. "दादा, ही गाडी आहे. कपाशी नाही."

"तुला दोन्हीतलं काही कळत नाही."

"मला एवढं कळतं, मागच्या वेळेला या गाडीत बसलो तर घरी आल्यावरही माझा हात थरथरून राह्यला होता. बिलकुल सही करता येईना. वहिनी, हे एक दिवस कुठेतरी धडकणार."

प्रेमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तिथंच घरगुती न्यायालय बसलं आणि निकाल लागला. शनिवारी गिरिधरच्या मुलाचा मंठ्याला साखरपुडा होता. बाकी मंडळी सकाळच्या जीपनं पुढे जाणार. दादा आपल्या गाडीतून गिरिधरला आणि घरच्यांना घेऊन येणार. जाऊन-येऊन गाडी थरथरली नाही तर राहील. थरथरली तर मंठ्याचे कारभारी म्हणून एक कापसाचे जिनिंगवाले होते, त्यांना जुन्या परदेशी गाड्यांचा नाद होता, त्यांना ती देऊन टाकायची.

"आणि मग मी कसा फिरू?" शरदचंद्रांनी विचारलं.

"माझी स्कूटर आहे ना. मागं बसायचं."

भावाच्या स्कूटरवर मागं, पाय एका बाजूला सोडून, ज्वारीच्या पोत्यासारखं बसलेलं स्वतःचं चित्र शरदचंद्रांच्या डोळ्यांपुढे आलं. ते उठून अंगणात गेले आणि तेलाची पट्टी पुन्हा एकदा ओढून बघायला लागले.

दोन बॅकक्रॉस त्या आठवड्यात पार पडले. थरथर सहावरून चारवर आली. तिसरा शनिवारी सकाळी, निघण्यापूर्वी करायचा होता.

आता यात चिठ्ठ्यांची पद्धत सांगायला हवी. कपाशीच्या संकराच्या प्लॉटमध्ये संध्याकाळी बाया कळी सोलून तिचे पुंकेसर काढतात आणि तिच्यावर लाल चिठ्ठी अडकवतात. लाल म्हणजे हे फूल तयार आहे, काम बाकी आहे. सकाळी त्याला नराचं फूल घासलं की लाल काढून पांढरी लावायची. ऊन चढायच्या आत एकही लाल चिठ्ठी शिल्लक राहता कामा नये, नाहीतर फूल वाया जातं. शरदचंद्र निवृत्त झाले तरी चिठ्ठ्या निवृत्त झाल्या नव्हत्या. घरात अर्धवट दळणावर लाल, झालेल्यावर पांढरी. न भरलेल्या माठावर लाल. एकदा शेजारचे रामराव बोलता बोलता मध्येच उठून गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीलाही लाल चिठ्ठी लागली होती.

तेव्हा गाडीलाही पद्धत तीच. जुनं तेल बादलीत काढलं की तेल भरायच्या नळीला लाल. जेवढं निघालं तेवढं नवं नरसाळ्यानं भरलं की पांढरी.

शनिवारी त्यांनी जुनं काढलं, लाल अडकवली, नवं भरलं. पांढरी चिठ्ठी काढायला शर्टाच्या खिशात हात घालणार, तेवढ्यात प्रेमलाबाई अंगणात आल्या.

"अहो, हा काय अवतार? शर्टभर तेल. काढा आधी."

"एक मिनिट, चिठ्ठी—"

"काढा म्हटलं ना. डाग बसला की जाणार आहे का? आणि गिरिधरभाऊजी येऊन बसलेत, त्यांना चहा कोण विचारणार?"

शर्ट अंगावरून सोलला गेला आणि खिशातल्या चिठ्ठ्यांसकट धुण्याच्या बादलीत पडला. शरदचंद्र उघड्या अंगानं घरात गेले. आत गिरिधर होता, म्हणजे वाद होता. वादात चिठ्ठी विसरली.

इकडे द्वारकाबाई धुणं करायला बसली. द्वारकाबाई हंगामात संकराच्या प्लॉटवर जायची आणि एरवी यांच्याकडे धुणंभांडी करायची. शरदचंद्रांच्याच हाताखाली तिनं कळ्या सोलल्या होत्या. शर्ट घासताना तिच्या हाताला खिशातली पांढरी चिठ्ठी लागली. तिनं मान वर करून गाडीकडे बघितलं. नळीला लाल चिठ्ठी लोंबत होती. ऊन तर चांगलंच चढलं होतं.

दुसऱ्या कोणी काय केलं असतं कोण जाणे. पण चिठ्ठ्यांत आयुष्य गेलेल्या बाईला यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पांढरी खिशातच राहिली, लाल तशीच आहे, आणि सायेब पाहुण्यात अडकले. तिनं हात पदराला पुसले, नरसाळं लावलं, बादलीतल्या जुन्या तेलाकडे बघून तेवढंच नवं तेल डब्यातून बराबर ओतलं, लाल काढली आणि ओली पांढरी चिठ्ठी नळीला बांधून पुन्हा धुण्याला बसली. कोणाला सांगावं असं यात तिला काही वाटलं नाही. केलेलं काम चिठ्ठीच सांगते. चिठ्ठी त्यासाठीच असते.

शरदचंद्र रेशमी सदरा घालून बाहेर आले. नळीला पांढरी चिठ्ठी बघून क्षणभर थबकले, मग खूश झाले.

"बघितलंस, उमा? मी लावल्याचं मला आठवतसुद्धा नाही. हाताला इतकी सवय आहे."

गाडी निघाली. पुढे उमा, मागे प्रेमलाबाई आणि गिरिधर. गिरिधरच्या मांडीवर साखरेचा पुडा, मुलीची साडी आणि अंगठीची डबी. सीटवर दोन हारांची करंडी. या चार वस्तू पोचल्याशिवाय तिकडे कोणाला काही करता येणार नव्हतं.

गाव मागे पडलं. वेग आला. उमानं श्वास रोखून धरला.

"किती?"

"दोन," उमा म्हणाली. मग नीट लक्ष देऊन, "दीड."

शरदचंद्रांनी आरशातून भावाकडे बघितलं. गिरिधरनं शेतांकडे बघितलं.

ही शांतता थोडा वेळ टिकली. मग इंजिनचा आवाज चढायला लागला आणि गाडीचा वेग उतरायला. शरदचंद्र पाय दाबत होते, इंजिन बोंबलत होतं, आणि गाडी लग्नाला नको म्हणणाऱ्या नवरदेवासारखी जागच्या जागी अडत होती.

"दादा, मागं धूर दिसून राह्यला."

"तेल नवं आहे. पचवतेय."

"करपल्याचा वास येतोय हो," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"साखरपुड्याच्या स्वयंपाकाचा असेल."

"मंठा अजून किती लांब आहे, काही अंदाज?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात एक मोटारसायकल भरधाव मागून आली आणि खिडकीला समांतर लागली. चालवणारा ओरडत होता, "ओ काका, थांबा, थांबा. कोण खाली आलं?"

वाटूर फाट्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी गाडी थांबली. उमानं उतरून मागे बघितलं आणि तिला मोटारसायकलवाल्याचं म्हणणं पटलं. डांबरावर नजर पोचेल तिथपर्यंत ताजी लाल रेघ ओढत आली होती आणि ती थेट त्यांच्या गाडीच्या पोटाखाली येऊन ठिबकत होती.

टपरीवरची माणसं उठली. बाजूच्या शेतातली आली. एकानं वाकून गाडीखाली बघितलं.

"काय दिसतंय?"

"अंग दिसत न्हाई. नुसतं रगत हाय."

"ते रक्त नाही, तेल आहे," शरदचंद्र काठी टेकत म्हणाले. "गिअरबॉक्सचं."

"तेल लाल असतं व्हय?"

"या गाडीचं असतं."

एका म्हाताऱ्यानं बोट बुडवलं, हुंगलं आणि शांतपणे निकाल दिला. "रगतच हाय. पातळ हाय, पर रगतच."

मग गर्दीतून साळूबाई नावाची एक बाई पुढे आली. "माझी शेळी सकाळधरनं दिसंना. तरी म्हणलं, गेली कुठं. चांगली गाभण होती हो."

गिरिधरला मंठा दिसत होता आणि घड्याळ दिसत होतं. बँकेच्या माणसाला तडजोडीची घाई असते. "मावशी, शेळीचं जे काय असेल ते आपण बघून घेऊ."

"कबूल झाला, कबूल झाला," मोटारसायकलवाला म्हणाला.

"गिरिधर," शरदचंद्र दातओठ खात म्हणाले, "शेळीच नाही तर बघून काय घेतोस?"

"दादा, तू गप. आधीच उशीर झाला. एक शेळी मान्य करून जल्दी मोकळे होऊ."

"एक न्हाई," साळूबाई म्हणाली. "गाभण होती. पोटातली कोण धरणार?"

प्रेमलाबाईंना रडू यायला लागलं. त्या रडल्या तशी गर्दीची खात्री पटली. दोघं-तिघं रेघेच्या मागोमाग प्रेत शोधायला परत जालन्याच्या दिशेनं निघालेही. उमानं आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांमधून या प्रसंगाला उपयोगी पडेल असं काही आठवून बघितलं. काहीही नव्हतं. म्हणून ती आईसाठी पाणी काढायला गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली.

गिरिधर घाईत उतरला होता, त्याचं दार सताड उघडं होतं. पुढचे दोन पाय सीटवर ठेवून एक काळी शेळी आत उभी होती. एक हार संपला होता. दुसऱ्याचा शेवटचा वीतभर तुकडा तिच्या तोंडात हळूहळू आत चालला होता.

"मावशी," उमा म्हणाली, "ही का तुमची?"

सगळे वळसा घालून आले. शेळीनं सगळ्यांकडे बघितलं आणि निशिगंधाचं एक फूल बाजूला थुंकलं.

गर्दीत हळहळ पसरली. निघालेल्या शोधपथकाला परत बोलवावं लागलं. साळूबाई मात्र जराही डगमगली नाही. शेळीला कानाला धरून खाली ओढत ती म्हणाली, "हार खाऊ घातले व्हय तिला? आता उद्यापासनं घरात पाला खाईल का ती? सवय कोणी मोडायची?"

शरदचंद्र या सगळ्यात नव्हते. त्यांनी बॉनेट उघडलं होतं, इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी ओढली होती, पुसून पुन्हा घातली होती आणि उन्हात धरून बघत होते. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं.

"जास्तीचं होतं ते ओकून टाकलं तिनं," ते स्वतःशी म्हणाले. "पण जास्त झालं कसं? मी तर बरोबर भरलं होतं."

उमानं नळीची पांढरी चिठ्ठी हातात घेतली. ती अजून दमट होती, आणि कडेला निळसर झाली होती. तिनं ती नाकाशी नेली आणि वडिलांपुढे धरली. साबणाचा वास येत होता.

शरदचंद्रांनी चिठ्ठी हुंगली. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांना धुण्याची बादली आठवली, शर्ट आठवला, द्वारकाबाई आठवली, आणि ते हसायला लागले. आधी खांदे हसले, मग पोट, मग काठी हातातून सुटली आणि ते बॉनेटला धरून उभे राहिले. "उमा," त्यांना बोलता येईना, "उमा, द्वारकाबाईनं एक बॅकक्रॉस जादा मारला ग." उमाला हसू आवरेना. ती सहसा ओठ मिटून हसायची. त्या दिवशी तिला खाली डांबरावर बसावं लागलं. "या दोघांना लागलंय," म्हातारा म्हणाला. "बाप-लेकीला डोक्याला मार हाय."

मंठ्याला पोचले तेव्हा मुलीकडची मंडळी रस्त्यावर येऊन उभी होती. दाराचं झेंडूचं तोरण सोडून त्याचेच दोन हार केले, आणि आंब्याची पानं गळ्यात घालून गिरिधरच्या मुलाचा साखरपुडा झाला. फोटोत तो मंडपाच्या खांबासारखा दिसतो.

परतताना गाडी वेगात आली. आरसा स्थिर होता. दारं गप्प होती. बांगड्या वाजल्या नाहीत.

"किती?"

"एक," उमा म्हणाली.

मागून आवाज येत होता, पण तो गाडीचा नव्हता. गिरिधर तोंड उघडं टाकून घोरत होता. घर आल्यावर त्याला हलवून उठवावं लागलं. उतरल्यावर त्यानं आपला हात समोर धरून बघितला. हात थरथरत नव्हता.

"ठेव बाबा," तो म्हणाला. "कारभारींना मी कळवतो."

"स्कूटर विकायची असली तर सांग," शरदचंद्र म्हणाले. "पुंजारामला विचारून बघतो."

द्वारकाबाई भांडी घासत होती. शरदचंद्रांनी तिला हाक मारून चिठ्ठी दाखवली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "लाल दिसली तर तशीच सोडून जाऊ व्हय, सायेब? तुमीच शिकवलं न्हाई का?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही." आणि पुन्हा हसायला लागले. जेवतानाही मधेच हसत होते. झोपायच्या खोलीत गेल्यावरही आतून एकदा हसल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी ते उठले नाहीत.

पुढच्या दिवसांत घर माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. कारभारी मंठ्याहून भेटायला आले, बाहेर जाताना गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गिरिधरकडे बघितलं. गिरिधर म्हणाला, "ती द्यायची नाही." कोणाला विचारून म्हणाला, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

मग गाडी चालवायची कोणी, हा प्रश्न आला. उमानं किल्ली घेतली. गिरिधर शेजारी बसला, कारण घरातला कर्ता पुरुष आता तोच होता, आणि त्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. पहिले काही दिवस, कधीकाळी क्लचच्या गाडीवर शिकलेला उमाचा डावा पाय नसलेल्या क्लचचा शोध घेत ब्रेकवर पडायचा आणि काका काचेला कपाळ टेकवून येत. पण ती शिकली. एका सकाळी दोघं अंबडच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आली होती.

बरंच अंतर गेल्यावर काकांनी एक हात सोडला. "बरी चालवतेस की. दादा असता तर शेजारी बसून नुसता ओरडला असता." मग थोडं थांबून, "एक सांगू? त्याला वाटायचं तू त्याच्यावर पहारा ठेवायला बसतेस. म्हणायचा, पोरीला माझ्या पायाचा भरवसा नाही म्हणून येते, नाहीतर इतक्या थरथरीत कोण बसेल."

उमानं रस्त्यावरची नजर काढली नाही. वेग कमी केला नाही. शेजारी काका बसलेत, ते ऐकतायत, हे तिला माहीत होतं, तरी ती मोठ्यानं, स्पष्ट, पुढच्या काचेकडे बघून बोलली.

"बाबा, अंबडची बस आपल्या दारावरून जायची. रोज रिकामी जायची. मला तुमच्या शेजारी बसायला आवडायचं, म्हणून मी यायचे."